शेवंताचे हातमोजे

शेवंताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गडहिंग्लजच्या सासरी अठरा वर्षं तिच्या खुणांवर सगळे नुसती मान हलवायचे. आज जेवताना तिनं खुणांचं बोलणं करणारे नवे हातमोजे घालून हात हलवले आणि मोज्यांतून स्वच्छ आवाज आला, "जाऊबाई, तुमची आमटी रोज खारट असते."

थोरली रुक्मिणी पळी आपटून म्हणाली, "आणि तुझ्या भाकरी गं? रोज करपलेल्या!"

मोज्यांसोबत आलेल्या चष्म्यावर शेवंताला रुक्मिणीचं बोलणं अक्षरांत उमटलेलं दिसलं. तिनं विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"तुझ्याशी बोलायचं कसं, तेच येत नव्हतं आम्हाला."

"आता बोला. आणखी काय चुकतं माझं?"

रुक्मिणीनं पदर खोचून सुरुवात केली. एकेक तक्रार वाचत शेवंता खळखळून हसत होती. इतक्या वर्षांत तिच्याशी कुणी भांडलंच नव्हतं.