रडूबाई

“अगदी बरोबर, कुमुदताई,” मिरजकर तिसऱ्यांदा म्हणाले, आणि कुमुदताईंनी थर्मासमधला चहा त्यांच्या कपात ओतला. समोर बसलेल्या आनंदरावांचा नुसता जळफळाट झाला.

जुन्या सिनेमांच्या या मंडळात अकरा वर्षं दर रविवारी दोघांचा एकच वाद चाले. कुमुदताईंची लाडकी नायिका आनंदरावांना उगाच डोक्यावर चढवलेली रडूबाई वाटे. दोन महिन्यांपूर्वी मिरजकर आले. त्यांनाही ती नायिका आवडायची, आणि तेव्हापासून चहा त्यांना मिळू लागला.

आज आनंदरावांनी मन घट्ट केलं. “माझंच चुकलं. थोर अभिनेत्री होती ती,” असं म्हणून त्यांनी आपला कप पुढे केला.

कुमुदताईंनी चहा दिला, पण त्यांचा चेहरा पडला. “बरं नाही का तुम्हाला?” त्यांनी हळूच विचारलं. “तुम्हाला उत्तर द्यायचं म्हणून काल तिचे दोन सिनेमे पुन्हा पाहिले मी. आता ते कोणाला सांगू?”

मिरजकर काहीतरी बोलणार होते. आनंदरावांनी त्यांना बोलू दिलं नाही.

“नाचायची मात्र लाकडासारखी,” ते म्हणाले.

कुमुदताईंनी चष्मा पुसला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “लाकडासारखी? कुठल्या सिनेमात, ते सांगा आधी.”