सातव्याची नोंद

"या सातव्याचं मला जरा सांगा," परीक्षक वसुंधराबाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रबंधातलं खुणेचं पान उघडलं.

रेवा घरतने पाण्याचा घोट घेतला. सहा वर्षांची मेहनत या तासाभरावर येऊन ठेपली होती. सुकापूरच्या विशेष शाळेत शिकवता शिकवता तिने पीएचडी करायला घेतली, तेव्हा नवऱ्याने, निकेशने, एकच अट घातली होती. एकदाच काय ते. नापास झालीस तर पदवीही नाही आणि शाळाही नाही, गुमान घर सांभाळायचं.

तसा निकेश हौशी. आजची तोंडी परीक्षा खुली आहे, कुणीही येऊन बसू शकतं, म्हटल्यावर तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आई गोदूबाईंना घेऊन पहिल्या रांगेत हजर झाला होता. सोबत पाच किलो पेढे. "आमची मॅडम डॉक्टर होनार," असं सगळ्या पनवेलला सांगत सुटला होता. विद्यापीठाचे कागद पुढे केले की न वाचताच सह्या ठोकायचा. वाचायचे ते फक्त जमिनीचे कागद, असं त्याचं म्हणणं. आत्ताही तो मोबाइलवर तळोज्याच्या कुठल्याशा प्लॉटचे फोटो बघत होता आणि मधूनच, सगळं कळत असल्यासारखी, मान हलवत होता.

रेवाचा विषय होता अंगावर धावून जाणाऱ्या, मारणाऱ्या माणसांचा. असे बारा जण. प्रत्येक हल्ल्याची नोंद तीन रकान्यांत: आधी काय झालं, मग त्याने काय केलं, नंतर काय झालं. नाव कुणाचंच नाही, फक्त आकडे.

वसुंधराबाई वाचू लागल्या. "आधी: दार उघडायला दोन मिनिटं उशीर. मग: निरीक्षकाचा हात चौकटीत धरून दार आपटलं. नंतर: दोन बोटं मोडली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "निरीक्षक म्हणजे तुम्हीच?"

"हो." रेवाने डावा हात टेबलाखाली घेतला. त्याची दोन बोटं अजून वाकत नाहीत.

मागे कुणीतरी चुकचुकलं. शाळेतल्या बायकांना ती बोटं ठाऊक होती. गळ्यावरचे वळ, फुटलेला ओठ, सगळं ठाऊक होतं. अशा मुलांत काम म्हटल्यावर लागायचंच, असं त्या आपसांत म्हणायच्या. रेवा त्यावर कधी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. त्याची तिला लाज वाटायची, वर्गातली मुलं समोर आली की जास्तच.

"आधी: निरीक्षक फोनवर हसली. मग: उकळत्या आमटीचं पातेलं अंगावर फेकलं. आधी: काहीही नाही. मग: केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, तीनदा." बाईंनी पान उलटलं. "अशा शहाऐंशी नोंदी! बाकी अकरा जणांच्या शाळेतल्या आणि याच्या एकट्याच्या घरातल्या?"

"तो शाळेत येत नाही, मॅडम."

"आणि बाकीचे सगळे सुधारले."

"त्यांना बोलता येत नव्हतं. भूक लागली, दुखतंय, भीती वाटते, हे सांगायला त्यांच्याजवळ फक्त हात होते. आम्ही चित्रांची कार्डं दिली. कार्ड दाखवलं की आपलं ऐकतात, हे त्यांना कळलं आणि मारणं थांबलं. सातव्याला कार्डांचा काही उपयोग झाला नसता."

"घरचे काय म्हणतात?"

"त्याची आई म्हणते, मनाला लावू नको, पोर हाय त्यो अजून. रागात त्याला कलत नाय."

गोदूबाईंनी मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

"त्याची संमती घेतली होती?"

"हो. त्याच्या स्वतःच्या हाताची सही आहे."

वसुंधराबाई शेजारी बसलेल्या मार्गदर्शकांशी काहीतरी कुजबुजल्या आणि त्यांनी प्रबंध मिटला. "काम पक्कं आहे. पदवीची शिफारस करतो आहोत. अभिनंदन! बसलेल्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात निकेशच्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच रेवाला मोकळा श्वास घेता आला. तेवढ्यात निकेश उभा राहिला.

"मी पडलो अडानी मानूस," तो हसत म्हणाला. "पन एक विचारतो. असलं जनावर मोकलं कसं ठेवलंय? उद्या आमच्या बाईचा जीव घेईल. नाव सांगा त्याचं, मी बघतो त्याच्याकडं."

चारदोन माना डोलल्या. "नाव सांगता येत नाही," मार्गदर्शक म्हणाले, "संशोधनाचा तसा नियमच आहे."

"नाव नाही सांगता येत," रेवा म्हणाली. "पण ज्याची नोंद आहे त्याने मागितली, तर त्याला ती द्यावीच लागते."

तिने फाइलमधून एक कागद काढला, स्टेजच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेपाशी आली आणि तो निकेशच्या हातात ठेवला.

"खाली सही तुमचीच आहे ना, बघून घ्या."