दहा तारा

पहिली तार साडेआठ ग्रॅमला तुटली. मुलीने आकडा वहीत लिहिला. दुसरी नऊला तुटली, तिसरी आठला.

आई शेजारच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा झगा. दिसत होते ते नुसते डोळे, आणि समोरच्याला तेवढे पुरत. या खोलीत अठ्ठावीस वर्षं तिने सिलिकॉनच्या डिटेक्टरांना तारा जोडल्या होत्या. केसाचे तीन उभे भाग केले तर त्यातला एक, एवढी बारीक तार. डिटेक्टरातून कण गेला की त्याची खबर सिलिकॉनच्या पट्टीतून तारेत, तारेतून पुढे. तार सुटली की पट्टी जिवंत असून मुकी.

नियम साधा होता. खऱ्या डिटेक्टरला हात लावण्याआधी रोज नमुन्याच्या तुकड्यावर दहा तारा जोडायच्या. मग दुसऱ्या माणसाने त्या एकेक करून हुकाने ओढून तोडायच्या. पाच ग्रॅमपेक्षा कमी ओढीला एक जरी तुटली, तरी जोडणाऱ्याने उठायचं, आणि डोळे तपासून पास झाल्याशिवाय परत यायचं नाही. आईच्या उजव्या डोळ्याचं काय चाललंय, ते त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं.

"ओढ की लवकर," आई म्हणाली. "दाढ काढतेयस का?"

"हळूच ओढायची असते. तूच शिकवलंस."

"मी शिकवलेलं कधीपासून ऐकायला लागलीस?"

मुलगी हसली. तिचं खरं काम कॉम्प्युटरवरचं. खोटे कण सोडायचे आणि डिटेक्टर काय म्हणेल ते आधीच काढून ठेवायचं. तारा जोडायलाही आईनेच शिकवलं होतं, पण आई असताना त्या खुर्चीवर बसायची कुणाची छाती नव्हती. तपासणारा आज रजेवर, म्हणून तारा तोडायचं तेवढं तिच्या वाट्याला आलं होतं.

चौथी, पाचवी, सहावी तुटली. सातवी तुटली आणि मुलीचं पेन थांबलं.

"किती?"

"सात," मुलगी म्हणाली, आणि तसं लिहिलं.

आई उठली. "सरक." कोपराने तिला बाजूला करून ती मायक्रोस्कोपवर वाकली. उजव्याने बघितलं, मग डाव्याने. बराच वेळ बघितलं.

"तार मधे तुटलेली नाही. टोकाचा पाय उखडलाय. मी टेकवलेला पाय नीट बसलाच नव्हता. असा पाय सात ग्रॅम धरत नसतो, बाई. शिवाय यंत्राच्या पडद्यावर आकडा अजून तसाच आहे. चौथीच शिकलेय मी, पण तीन कुठला आणि सात कुठला, एवढं कळतं."

पडद्यावर तीन पॉइंट आठ होतं.

मुलगी एका दमात बोलली, "एका तारेने काही होत नाही, आई. मी चालवून बघितलंय. एक पट्टी मुकी ठेवली आणि दहा लाख कण सोडले. शेजारच्या पट्ट्यांवरून वाट सापडते. काही म्हणजे काही बिघडत नाही."

"कधी बघितलंस?"

"गेल्या महिन्यात."

"कोणी सांगितलं होतं बघायला?"

"कोणी नाही."

आई मायक्रोस्कोप सोडून तिच्याकडे वळली.

"वेडी आहेस," ती हळू म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "तुझ्या कॉम्प्युटरातल्या कणांना काय, दहा लाख गेले तरी एकालाही तार लागत नाही. हा डिटेक्टर दहा वर्षं जमिनीखाली बंद राहायचाय. शेजाऱ्यांनी झाकून घेतलं म्हणून माझं सुटलेलं बसलं होय? खोड ते."

"खोडलं तर तुला परत—"

"माहीत आहे मला. खोड."

मुलीने सात खोडला. तीन पॉइंट आठ लिहिलं. तिचा मास्क डोळ्यांखाली भिजला.

"रडायचं तर बाहेर जाऊन ये," आई म्हणाली. "इथे दमट चालत नाही. आणि लवकर ये, दुपारी डिटेक्टर पेटीत भरायचाय. तुझ्याशिवाय जोडणार कोण?"

"मी? तुझ्या खुर्चीवर?"

"खुर्ची काय मी माहेराहून आणलीय?"

मुलगी बाहेर गेली नाही. आईने वाकून खुर्चीचा स्क्रू सैल केला. अठ्ठावीस वर्षांत तो कुणी फिरवला नव्हता, चांगलाच कुरकुरला. मुलगी आईपेक्षा चार बोटं उंच. आईने खुर्ची तेवढी खाली घेतली, बसून दाखव म्हणाली, पुन्हा जराशी वर केली.

नव्या नमुन्यावर मुलीने दहा तारा जोडल्या. आई मागे उभी होती आणि एकदाही मधे बोलली नाही.

जोडायला बंदी होती, तोडायला नव्हती. आई हुकापाशी बसली. दुसऱ्यांच्या तारा तिने आजवर फटाफट तोडल्या होत्या, दोघातिघांना रडवून घरी पाठवलं होतं. डावा डोळा लावून तिने पहिल्या तारेखाली हुक घातला आणि चाक फिरवलं. तारेची कमान ताणली. मुलगी पडद्यावरचा आकडा वाचत होती. दोन. तीन.

आईचा हात मंदावला.

"धर गं," ती मास्कच्या आत पुटपुटली. "अजून थोडं धर."

चार. साडेचार. पाच मागे पडला, सहाही पडला, तरी तिचं पुटपुटणं चालूच होतं.