तोंडी आदेश

नियंत्रण कक्षातल्या टीव्हीवर वीज कंपनीच्या अध्यक्षांचं हरित ऊर्जा परिषदेतलं भाषण लाइव्ह चालू होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"वासनिक मॅडम, हेड ऑफिसातून कुलथे बोलतोय. नेहमीसारखं सोलरवाल्यांना बंद करायला सांगा. कोळशाचा वीजनिर्मिती संच फुल चालू दे."

ऐन उन्हात रोज हा फोन यायचा. आदेश कायम तोंडी. कागदावर कधीच काही नाही. आणि शिफ्ट इंजिनियर वासनिक "हो सर" म्हणत स्वस्तातली, स्वच्छ वीज सोडून द्यायची. आज मात्र तिने कोळशाच्या संचालाच उत्पादन कमी करायला लावलं होतं.

"सोलर बंद होणार नाही, सर. नियमाने आधी तीच वीज घ्यायची."

"नियम मला शिकवू नका! कोळशाचे करार करून बसलोय, त्यांचं काय? वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कुणाचा?"

"अध्यक्षांचा! आणखी कुणाचा?"

तिने टीव्हीकडे पाहिलं. "सूर्याचा एक किरणही वाया जाऊ देणार नाही," अध्यक्ष म्हणाले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"साहेबांच्या हातात आत्ता माइकच आहे," ती म्हणाली. "तिथूनच सांगू देत. लगेच बंद करते."