सोमारीचं जाळीघर

तीन औषधांच्या एकत्र गोळ्यांनी गावातल्या सगळ्या पोरांचा हिवताप गेला. नऊ वर्षांच्या सोमारीच्या रक्तात मात्र जनुकं बदललेले जंतू तगून राहिले, आणि त्यांच्यावर कुठलंच औषध चालेना. तिला चावलेला डास ते गावभर नेईल, म्हणून तिला वेशीबाहेरच्या जाळीघरात एकटीला ठेवलं होतं.

पाच महिने झाले. एका संध्याकाळी तिच्या आईला, जैनीला, राहवेना. तिने जाळीच्या दाराची चेन धरली. "आज तुझ्याजवळच निजते गं."

आतून सोमारीने चेन घट्ट आवळून धरली. "नको आई. डास बाहेर गेला तर धाकट्याला ताप येईल."

"थोडंच उघडते."

"नाही म्हटलं ना!"

जैनीने हात सोडला. सोमारी चटई उचलून पार पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि आईकडे पाठ करून निजली.