खारीचं एकच वाक्य

टाळ्यांनी तिला जाग आली. मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं होतं आणि समोर पडदा पडत होता. तेही पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर. तिनं घाईघाईनं हात वर केले आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवू लागली.

घड्याळात दुपारचे साडेचार झाले होते. तिच्या अंगात मात्र ती जिथून आली होती तिथलेच रात्रीचे तीन वाजले होते. छापखान्यांची यंत्रं बसवून देणं हे तिचं काम. तीन आठवडे परदेशात एक अडेलतट्टू यंत्र बसवून, दोन विमानं बदलून, बावीस तासांनी ती उतरली आणि बॅगेसकट थेट शाळेत आली. लेकीचं मागच्या वर्षीचं नाटक हुकलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीचंही. हे हुकलं तर आपण स्वतःला माफ करणार नाही, असं तिनं विमानात दहादा घोकलं होतं.

झोप येणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून शाळेच्या नळावर तिनं तोंडावर गार पाणी मारलं. दोन कप कडक कॉफी घशाखाली उतरवली. नाटक सुरू होईपर्यंत मागे उभीच राहिली, भिंतीला न टेकता, कारण टेकलं की संपलं. पण नवऱ्यानं पुढची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवली होती. त्याला स्वतःला पडद्याची दोरी ओढायचं काम होतं, त्यामुळे तो आत गेला. खुर्ची मेली मऊ निघाली. दिवे मालवले. रंगमंचावर हत्ती आडवा झाला, अस्वल आडवं झालं, सगळं जंगल झोपी गेलं, आणि जंगलाबरोबर तीही.

लेक दुसरीत होती. पाळण्यात असल्यापासून आवाज असा, की घरात तिला सगळे भोंगीच म्हणत. नाटकात ती खार झाली होती. वाक्य एकच. जंगलाला आग लागते, मोठीमोठी जनावरं घोरत पडलेली असतात, आणि एवढीशी खार बेंबीच्या देठापासून ओरडते, "आग लागली! उठा, पळा!" त्या वाक्याची तालीम तीन आठवडे रोज फोनवर चालली होती. आई फोन कानापासून हातभर लांब धरायची आणि तरी म्हणायची, अजून जोरात, हत्तीची झोप आहे ती.

आणि तेच वाक्य होऊन गेलं होतं. पोर चार हात अंतरावर उभी राहून ओरडली असेल आणि आई समोर घोरत पडली असेल. तिला स्वतःची शिसारी आली. असली कसली आई, असं दुसऱ्या बायांबद्दल ती किती सहज म्हणून जायची. खरं सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात शेपटी हातात धरून भोंगी समोर आली, मागून बाबा आले, आणि खरं काही तोंडातून निघेना.

"काय खणखणीत आवाज लागला गं तुझा," ती म्हणाली. "पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मी तर दचकलेच."

भोंगीनं बाबांकडे पाहिलं. बाबा खिशात गाडीची किल्ली शोधू लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

इतक्यात वर्गाच्या बाई आल्या. मनाला लावून घेऊ नका, असं त्यांनी आईला समजावलं. एवढी माणसं समोर पाहिली की भल्याभल्यांचा आवाज बसतो. तालमीत हीच कानठळ्या बसवायची, आज नुसते ओठ हलले. हत्ती काही उठेना, शेवटी त्याला विंगेतून काठीनं ढोसावं लागलं. पुढच्या वर्षी हिला झाड करू, झाडाला बोलावं लागत नाही. एवढं सांगून बाई अस्वलाचा मुखवटा शोधायला निघून गेल्या.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तिथेच जमिनीवर बसली. एवढ्या गर्दीत पोरीचा आवाज बसला, तेव्हा तिनं आईकडे पाहिलं असेल. आईनं नुसती मान हलवली असती तरी तिला धीर आला असता. तेवढ्यासाठी तर ती इतक्या लांबून आली होती. आणि वर हे लबाडीचं कौतुक. थोबाडीत मारल्यासारखं लागलं असेल पोरीला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी झोपले होते गं. मी जागी असते तर तू अशी घाबरली नसतीस."

"मी नाही घाबरले," भोंगी म्हणाली. तिनं आईच्या कपाळावरचे केस बाजूला केले. "मला दिसलं ना तू झोपलीस ते. बाबा म्हणतात, आई विमानातून आली की तिला झोपू द्यायचं. म्हणून मी हळूच म्हटलं."