जाऊबाईंचा घास

दुपारच्या शांततेत ताटावर वाटी खणकली आणि रडून झोपलेलं माझं बाळ दचकलं.

दवाखान्यातून घाटनांदूरला घरी आल्यापासून मला दूध उतरत नव्हतं. बाळ वाळत चाललं होतं. मला घासच गिळवेना, आणि ताट तसंच परत गेलं तर सासूबाई ओरडतील म्हणून माझं शेपू-भाकरीचं ताट जाऊबाई गुपचूप संपवायच्या.

"बाळंतिणीचं खातेय गं, पाप लागंल मला," त्या हसल्या.

"खा की तुमी. मला न्हाई जात."

माझ्या मांडीवर परीक्षेचं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, समुद्रात काही जीव वसाहत करून, एकमेकांना जोडून जगतात. त्यातले काही फक्त खातात, काही फक्त पिलं जन्माला घालतात. त्या पिलं घालणाऱ्यांना तोंड नसतं. बाकीच्यांनी खाल्लेलं त्यांना आपोआप पोचतं.

जाऊबाईंनी घास गिळला. माझा पदर दुधानं ओला झाला.

त्यांनी दुसरा गिळला आणि धारच लागली. मी बाळाला छातीशी घेतलं. बाळ घटाघटा प्यालं, तृप्त झालं, मुठी सोडून झोपलं. जिंकलं होतं माझं लेकरू!

"अजून खा," मी जाऊबाईंना म्हणाले. आवाज आला नाही. आनंदात मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दारातून माझी थोरली, ईश्वरी, माझ्याकडं टक लावून बघत होती.

"आई, तुजं तोंड कुठं गेलं?"